बेस अँपसमोर कोणता माइक लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा. चौघांचा बँड आहे, कॉलेजची गॅदरिंग आणि छोट्या हॉलमधले कार्यक्रम करतो. बेस चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरीचं सर्किट नाही). अँप म्हणजे दहा इंची चार स्पीकरचं कॅबिनेट आणि त्यावर हलकं क्लास-डी हेड, म्हणजे सिग्नल मोठा करणारा वेगळा डबा. दर वेळी साउंडवाला बेससाठी डीआय लाइन काढतो (माइक न लावता, डीआय नावाच्या छोट्या डब्यातून बेसचा सिग्नल थेट मिक्सरला) आणि मोकळा होतो. बाहेर बेस ऐकू येतो, पण अँपसमोर उभं राहिल्यावर जी गुरगुर येते ती प्रेक्षकांपर्यंत पोचतच नाही. म्हणून स्वतःचा एक माइक घ्यायचाय. यादीत शुअर बीटा ५२ए, एकेजी डी११२, शुअर एसएम५७ आणि इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२० आहेत.

माझं उत्तर: एसएम५७ घ्या. पुढेमागे पैसे जमले तर सेनहायझर एमडी ४२१ किंवा आरई२०. यादीतले पहिले दोन, म्हणजे किक ड्रमसाठी (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी) बनवलेले माइक, तुमच्या कामाला घेऊ नका. आणि कोणताही माइक आणलात तरी डीआय काढून टाकू नका.

हे ऐकून बेसिस्ट लोक नाराज होतात, कारण एसएम५७ हा गिटार आणि स्नेअरचा माइक म्हणून माहीत असतो. ‘त्याला खालचं ऐकूच येत नाही’ असं म्हणतात. खरं आहे, २०० हर्ट्झच्या खाली त्याचा आलेख उतरायला लागतो. पण खालचं त्याच्याकडून हवंय कोणाला?

चार तारांच्या बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते, पाच तारांच्या बेसची बी ३१ हर्ट्झला. हा खर्ज तारेतून सरळ, स्वच्छ, कुठलाही कागद न हलवता मिक्सरपर्यंत नेण्याचं काम डीआय उत्तम करतो. उलट दहा इंची स्पीकरची बहुतेक कॅबिनेटं स्वतःच ५०-६० हर्ट्झच्या खाली ढेपाळतात. म्हणजे २० हर्ट्झपर्यंत ऐकणारा माइक त्यांच्यासमोर ठेवलात, तर त्याला तिथे मिळणार काय? लाकडी स्टेजवर गायक उडी मारतो ती, कोणीतरी केबल ओढली ती, शेजारच्या किकचा धक्का. हे सगळं तो इमाने इतबारे सबपर्यंत, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरपर्यंत, पोचवतो.

तुम्हाला जी गुरगुर हवी आहे ती साधारण १०० ते ८०० हर्ट्झमध्ये राहते, आणि बोटांचा, पिकचा टणत्कार त्याच्या वर, दोन-अडीच हजारांपर्यंत. स्पीकरचा कागद ताणला गेला की तो आवाज थोडा दाबतो, थोडा खरवडतो, वरची करकर गिळतो. डीआयला हे माहीतच नसतं. तेव्हा माइकला एवढंच काम द्या: कॅबिनेटचा गळा पकडायचा. पोट डीआय सांभाळेल. काम असं वाटून घेतलं की माइकची निवड बरीच सोपी होते.

आता किक माइकवर माझा राग का, ते सांगतो. बीटा ५२ए, डी११२, ऑडिक्स डी६ ही मंडळी वाईट नाहीत. पण त्यांचा आवाज जन्मतःच एका कामासाठी घडवलेला आहे. खाली फुगवटा, वर तीन-चार हजारांच्या आसपास बीटरच्या (किकवर आपटणाऱ्या दांडीच्या) ‘टक’साठी टेकाड, आणि मधे खळगा. डी६मध्ये तो खळगा सर्वांत खोल. बेसची ओळख ज्या मधल्या पट्ट्यात असते, नेमका तोच हे माइक खाली दाबतात. वर तुमच्या साउंडवाल्याने किकमध्येही बहुधा यातलाच एक माइक लावलेला असतो. मग किक आणि बेस दोघांनाही एकाच ठिकाणी फुगवटा आणि एकाच ठिकाणी खळगा. दोन जाड माणसं एकाच दारातून आत शिरायला बघतात तसं होतं. तुमच्या कॅबिनेटचा आवाज फारच नाकातला असेल, किंवा डीआय मिळणारच नसेल आणि एकट्या माइकवर भागवायचं असेल, तर मी डी११२ लावतो आणि कुरकुर करत नाही. पण तो नाइलाज झाला.

एसएम५७ १९६५ सालचा. पडला, भिजला, त्याने खिळा ठोकला तरी चालतो असं म्हणतात. खिळा मी ठोकलेला नाही, बाकी दोन्ही झालंय. माइक स्पीकरच्या अगदी जवळ नेला की जवळीकीच्या परिणामामुळे त्याचा खालचा भाग आपोआप भरतो, त्यामुळे जाळीला टेकवून ठेवलात तर तो वाटतो तितका बारीक वाजत नाही. शिवाय कार्यक्रमाला बेससाठी लागला नाही तर गिटारला, स्नेअरला, कोणाच्या ढोलकीला उपयोगी पडतो. फक्त विश्वासाच्या दुकानातून बिलासकट घ्या. नकली एसएम५७ आणि एसएम५८ बाजारात इतके आहेत की अर्ध्या किमतीत ‘अगदी नवा’ मिळाला तर आनंद होण्याऐवजी शंका यावी.

एमडी ४२१ हा १९६० पासून चालत आलेला माइक, आणि एकट्या माइकवर बेस न्यायचा असेल तर माझी पहिली पसंती. खाली भरपूर, मधे दाणेदार. त्याच्या मागच्या टोकाला एक फिरणारी रिंग असते, एका टोकाला एम, दुसऱ्याला एस. एम म्हणजे संगीत, एस म्हणजे बोलणं. एसकडे जाल तसा खालचा आवाज कापला जातो. भाड्याने आलेला ४२१ लावण्याआधी ती रिंग बघाच. आदल्या दिवशी कोणाच्या भाषणाला वापरला असेल तर ती एसवर राहिलेली असते, आणि तुम्ही तासभर मिक्सरवर बास वाढवत बसता.

आरई२० म्हणजे रेडिओवाल्यांचा जुना लाडका, १९६८ पासूनचा. त्याची खुबी अशी की जवळ आणला तरी खालचा आवाज फुगत नाही. अंगावर ज्या फटी दिसतात त्या शोभेच्या नाहीत, सगळी जादू तिथेच आहे. त्या टेपने किंवा क्लॅम्पने झाकू नका. माइक किंचित सरकला तरी आवाज फारसा बदलत नाही, हे स्टेजवर मोठं सुख. पण वजन पाऊण किलोच्या आसपास, त्यामुळे हलक्या स्टँडवर ठेवला की हळूहळू मान टाकतो, आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत तो कॅबिनेटऐवजी जमिनीकडे बघत असतो. किंमतही एसएम५७च्या कितीतरी पट. कॉलेजच्या बँडला हे नाकापेक्षा मोती जड. कंडेन्सर आणि रिबन या नाजूक जातींच्या माइकचा विचार स्टेजसाठी सोडून द्या. पावसाळ्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत कंडेन्सर तडतडायला लागलेले मी पुरेसे ऐकलेत.

आता खरी गोम. माइक कोणताही घ्या, तो डीआयशी जुळला नाही तर पैसे पाण्यात. हे मी शिकलो एका गॅदरिंगला. डीआय एकटा लावला, छान. माइक एकटा लावला, त्याहून छान. दोन्ही फेडर वर केले आणि बेस एकदम हडकुळा झाला. मी माइकला दोष दिला, केबल बदलली, शेवटी माइक बंद करून कार्यक्रम रेटला. बेसिस्ट पोराने नंतर विचारलं, “दादा, तो माइक कशाला लावला होता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर असं आहे. तारेतला सिग्नल डीआयमधून लगेच मिक्सरला पोचतो. माइककडचा सिग्नल आधी अँपमधून जातो, स्पीकर हलवतो, हवेतून चालत माइकपर्यंत येतो, आणि मग मिक्सरला जातो. वरातीमागून घोडं. हवेत आवाज एका मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे माइक दहा सेंटिमीटरवर असेल तर उशीर ०.३ मिलिसेकंदाचा. तो फारसा नडत नाही. त्याने पहिली काट, म्हणजे दोन्ही सिग्नल एकमेकांना खोडतात ती जागा, पडते ती १६०० हर्ट्झच्या वर. पण आजकालच्या काही हलक्या हेडमध्ये आत डिजिटल प्रोसेसिंग असतं आणि तिथे एक-दोन मिलिसेकंद सहज जातात. दोन मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे पहिली काट बरोबर २५० हर्ट्झला, पुढची ७५०ला. म्हणजे ज्या गळ्यासाठी माइक लावला, तोच गळा कापला जातो. त्या दिवशी माझं हेच झालं होतं.

हेडच्या मागून निघणाऱ्या डीआयमध्ये हा उशीर आधीच धरलेला असू शकतो, कारण काही हेडमध्ये ती लाइन प्रोसेसिंगच्या नंतर निघते. पेडल किंवा वायरलेस मात्र डीआयच्या आधी असेल तर काळजी नको, तिथला उशीर दोघांनाही सारखाच लागतो. हेड कसं आहे हे माहीत नसलं तरी कानाने जुळवता येतं. ते असं.

मिक्सर डिजिटल असेल (आपल्याकडे बेहरिंगर एक्स३२ आणि त्याची भावंडं बऱ्याच साउंडवाल्यांकडे असतात) तर प्रत्येक इनपुटला डिले, म्हणजे मुद्दाम दिलेला उशीर, मिळतो. दोन्ही चॅनलची पातळी कानाला सारखी करा. माइकच्या चॅनलवर पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे लाट वरची खाली होते. बेसिस्टला सांगा, डी आणि जी तारेवर एकेक पडदा वर सरकत वाजवत राहा. एकच सूर धरून ठेवायला सांगू नका, कारण एका सुराला दोन-तीन ठिकाणी खोटी जुळणी सापडते. आता डीआयच्या चॅनलचा डिले ०.३ मिलिसेकंदापासून हळूहळू वाढवा. आवाज बदलत जाईल, आणि एका जागी तो सगळ्यात पोकळ होईल, जणू बेस शेजारच्या खोलीत गेला. ती जागा धरा. तिथे डिले तसाच ठेवून माइकची पोलॅरिटी पुन्हा सरळ करा. बेस जो काय छातीवर येतो, तो ऐकून बेसिस्ट मान वर करून बघतो. दर वेळी बघतो. सगळ्या खटपटीला दोन मिनिटं लागतात.

मिक्सर साधा अ‍ॅनालॉग असेल तर डिले नाही. मग माइक जाळीला टेकवा, पोलॅरिटीचं बटण असेल तर दोन्हीकडे करून जे भरीव वाटेल ते ठेवा, आणि माइकचा खालचा भाग १२० ते १५० हर्ट्झपासून कापून टाका. निदान खर्ज तरी एकट्या डीआयकडून सरळ येईल. तरीही पोकळ वाटलं तर दोघांतला एकच निवडा. मी डीआय निवडतो, आणि बेसिस्टला डीआयच्या आधी लावायला एखादं चांगलं प्रीअँप पेडल घे म्हणून सांगतो.

माइक नेमका कुठे ठेवायचा, हे कुठला माइक यापेक्षा जास्त बोलतं. कॅबिनेटवर कापड किंवा जाळी असते, आतला स्पीकर दिसत नाही, आणि साउंडवाली पोरं अंदाजाने मधोमध माइक ठेवून देतात. चार स्पीकरच्या कॅबिनेटचा मधोमध म्हणजे नुसती फळी! मोबाइलची टॉर्च जाळीला तिरपी टेकवा, आतली गोल कड दिसते. एक स्पीकर निवडा. बहुतेक वेळा खालच्या दोघांपेक्षा वरच्यातला एक बरा, जमिनीवरून आपटून येणारा आवाज कमी मिळतो. मधल्या टोपीच्या अगदी समोर माइक धरलात तर टणत्कार जास्त, थोडा कर्कश. कडेला नेलात तर मऊ आणि गढूळ. टोपी संपून कागद सुरू होतो त्या रेषेवर, जाळीपासून तीन-चार बोटं अंतरावर मी सुरुवात करतो. मग कानाला हेडफोन लावून, एका हाताने माइक धरून, बेसिस्ट वाजवत असताना सेंटिमीटर-सेंटिमीटर कडेकडे सरकवतो. मिक्सरवरच्या कुठल्याही बटणापेक्षा हा प्रवास जास्त फरक करतो. जागा सापडली की जाळीवर टेपचा बारीक तुकडा लावून ठेवा, पुढच्या कार्यक्रमाला शोधाशोध नको.

दोन जागा मात्र टाळा. कॅबिनेटला हवेचं भोक असेल तर त्याच्या तोंडासमोर माइक नको, तिथे वारा फुंकतो. आणि वर छोटा ट्वीटर असेल तर त्याच्या समोरही नको, तिथून बहुतेक फुसफुसच मिळते.

एक गैरसमज इथेच मिटवू. ‘४१ हर्ट्झची लाट आठ मीटर लांब असते, म्हणून माइक लांब ठेवल्याशिवाय खालचा आवाज मिळत नाही’ असं काही अनुभवी लोकही सांगतात. लाटेची लांबी बरोबर आहे, निष्कर्ष चूक. माइक हवेचा दाब मोजतो, आणि तो दाब स्पीकरच्या तोंडाशीही तेवढ्याच वेगाने वरखाली होत असतो. हेडफोन कानापासून सेंटिमीटरभर अंतरावर असतो, त्यातून बेस ऐकू येतोच की. स्टेजवर माइक लांब नेला तर बेस वाढत नाही, ड्रम वाढतात.

ड्रम शिरण्याचा प्रश्न खरा आहे. बेसचं कॅबिनेट बहुधा हायहॅटच्या शेजारी असतं, आणि स्नेअरचा फटका बेसच्या माइकमधून ऐकू येतो. एसएम५७ कार्डिऑइड आहे, म्हणजे तो पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. कॅबिनेट किंचित फिरवून माइकची पाठ स्नेअरकडे करता आली तर बघा. दहा अंशांनीही फरक पडतो. स्टँड बुटका, जड बुडाचा घ्या. जाळीवरून केबलनेच माइक लोंबकळत सोडण्याची एक पद्धत आहे; घाईत मीही केलीय. पण तसं केलं की माइक स्पीकरकडे न बघता जमिनीकडे बघतो, आणि कॅबिनेट थरथरलं की फिरतो.

मिक्स करताना आधी डीआय आणि किक दोघांना बसवा, माइक बंद ठेवून. मग माइक हळूहळू वर आणा. बेसिस्ट कुठला सूर वाजवतोय ते मागच्या रांगेत ओळखू यायला लागलं की थांबा. बहुतेकदा माइक डीआयपेक्षा बराच खाली राहतो, आणि तरी बंद केला की लगेच जाणवतं.

डीआयबद्दल एक-दोन गोष्टी, कारण तुमचा बेस पॅसिव्ह आहे. सरळ बेसमधून लाइन घेताना साधा पॅसिव्ह डीआय लावलात तर पिकअपवर ओझं पडतं आणि वरचा आवाज मरतो. अ‍ॅक्टिव्ह डीआय मागा, मिक्सरवरून ४८ व्होल्टचं फँटम लागेल. ते चुकून एसएम५७च्या चॅनलवरही गेलं तर घाबरू नका, केबल धड असेल तर त्याला काही होत नाही. हेडच्या स्पीकर आउटमधून मात्र साध्या डीआयला कधीही लाइन देऊ नका.

आणि भुणभुण. लाइटचे डिमर आणि स्टेजची वीज एकाच जनरेटरवर असली की बेसच्या लाइनमध्ये हम येतो. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ते त्यासाठीच आहे. ते फक्त सिग्नलची जमीन तोडतं. एका मांडवात मी बघितलं, बेसिस्टच्या हेडच्या प्लगची वरची जाड पिन पक्कडने मोडून टाकली होती, ‘हम जातो’ म्हणून. पोरगा गातही होता. साउंडचेकला माइकला ओठ लागला आणि तो मागे सरकला, म्हणाला मुंग्या आल्या. मी मल्टिमीटरचं एक टोक बेसच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावलं, काटा ९० व्होल्टच्या आसपास गेला. तो प्लग बदलल्याशिवाय मी त्याला स्टेजवर उभं राहू दिलं नाही, आयोजकांनी घड्याळ दाखवलं तरी. तुमच्या हेडचा प्लग आज घरी बघून घ्या. माइकची ऑर्डर त्यानंतर द्या.

शेवटी, माइक नकोच अशीही वेळ असते. दोनशे माणसांचा हॉल असेल आणि कॅबिनेट नीट वाजत असेल, तर पुढच्या अर्ध्या हॉलला तुमची गुरगुर थेट स्टेजवरूनच ऐकू येते. तिथे साउंडवाल्याकडून नुसता डीआय घ्या, आणि अँपच उंच करा: खाली एखादी रिकामी पेटी ठेवून कॅबिनेट कानाच्या जवळ आणा. बेसिस्टला स्वतःचं ऐकू आलं की तो आवाज कमी करतो, आणि गायकाच्या माइकमध्ये बेस शिरणं कमी होतं. मोठ्या मैदानात मात्र स्टेजवरचा अँप तिसऱ्या रांगेच्या पुढे पोचत नाही, तिथे माइक हवाच.

माइक घेतलात तर साउंडवाल्याला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फोन करून सांगा की बेसला दोन चॅनल लागतील आणि एक बुटका स्टँड. ऐनवेळी सांगितलंत तर त्याच्याकडे लाइन शिल्लक नसेल, आणि शिल्लक असली तरी तो नाही म्हणेल. त्याच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं.